मास्टरमोशाय

विश्वामित्रीच्या पुलाजवळचे कीर्तिमंदिर आपल्यापैकी प्रत्येकाने निदान बाहेरून तरी पाहिलेले असते. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बांधवलेली ही वास्तू. तिच्या मधल्या दालनात चार भिंतींवर चार प्रचंड चित्रे आहेत. एका भिंतीवर गंगावतरण, दुसरीवर मीरेचे जीवन, तिसरीवर 'नटीर पूजा' आणि चौथीवर महाभारताचे युद्ध. ही चित्रे कोणाची, असे आपल्या मंडळात सहज विचारून पाहिले, तर बहुतेकांनी राजा रविवर्म्याचे नाव घेतले. रविवर्मा लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत. कीर्तिमंदिरातल्या भिंती रंगवल्या त्या शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी, १९३९ पासून १९४६ पर्यंत, टप्प्याटप्प्याने, आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर आणून.

स्मरणिकेसाठी यंदा एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असा निरोप कार्यकारिणीकडून आला तेव्हा मला दुसरे नाव सुचलेच नाही. एकतीस वर्षे मी याच शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली. त्या एकतीस वर्षांत पालकांनी, सहकाऱ्यांनी आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, की चित्र काढून मुलाचे पुढे काय होणार? नंदलालबाबूंचे सारे आयुष्य म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा. बंगाली घर, पण गाव बिहारमधले, मुंगेर जिल्ह्यातले खडगपूर. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी हाताची मोठी कुशल. खेळणी, बाहुल्या घरीच करायची. ही आई नंदलाल लहान असतानाच गेली, पण तिच्या बोटांची सवय मुलाच्या बोटांत राहिली. गावातले कुंभार मूर्ती घडवत त्यांच्या ओसरीवर हा मुलगा तासन् तास बसायचा. मग स्वतः मातीच्या मूर्ती करू लागला, पूजेचे मांडव सजवू लागला. दुर्गापूजेच्या देखाव्यात देवीच्या शेजारी आपला गणपतीबाप्पाही असतोच, तेव्हा त्या वयात त्यांच्या हातून एखादा गजानन घडला असेल असे मानायला माझी हरकत नाही. (हा केवळ माझा लोभ, इतिहास नव्हे.)

म्हणजे शाळेत जाण्याआधी या मुलाचे दोन गुरू झाले होते. एक आई आणि दुसरे गावचे कुंभार. दोघांनीही त्याला समोर बसवून धडा दिला नाही. ती माणसे आपले काम करत होती आणि मुलगा पाहत होता.

पुढचे शिक्षण मात्र अगदी आपल्या ओळखीचे आहे. पंधराव्या वर्षी नंदलालना कलकत्त्याला पाठवले. शाळेची परीक्षा ते कसेबसे पार करून गेले आणि १९०२ मध्ये कॉलेजात आले. १९०३ मध्ये सुधीरादेवींशी लग्नही झाले. त्यांना चित्रकला शिकायची होती आणि घरच्यांची परवानगी नव्हती. मग नापास होणे, कॉलेज बदलणे, पुन्हा नापास होणे. शेवटी १९०५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात वाणिज्य शाखेला नाव घातले. तिथेही तीच गत. वाणिज्य शाखेला घातलेला आणि वहीत चित्रे काढत बसलेला मुलगा आजही प्रत्येक सोसायटीत एखादा असतो. नंदलालच्या बाबतीत एवढेच झाले, की वारंवारच्या अपयशाने घरचे थकले आणि त्याला कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत जाऊ दिले. तिथे प्राचार्य होते हॅवेल आणि शिकवायला होते अवनींद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे पुतणे.

या गुरुशिष्यांची एक गोष्ट अवनींद्रनाथांनीच आपल्या आठवणींत सांगून ठेवली आहे. चित्रकलेच्या प्रत्येक शिक्षकाने ती पाठ करावी अशी आहे. नंदलालने उमेच्या तपश्चर्येचे चित्र काढले होते. रंग अगदी थोडे आणि अंगावर दागिना नाही. गुरूने पाहिले आणि सुचवले की फारच उघडेबोडके वाटते आहे, थोडा रंग घाल, काही साज चढव. शिष्य मान डोलावून घरी गेला. रात्री गुरूला झोप येईना. वाटू लागले, की या मुलाला तपस्विनी उमा तशीच दिसली असेल, तर मी कोण तिला दागिने घालणारा? सकाळ होताच अवनींद्रनाथ धावत नंदलालच्या घरी पोचले. शिष्य चित्र समोर ठेवून, हातात कुंचला घेऊन, आता काय करावे या विचारात बसलेलाच होता. गुरूने त्याला थांबवले. एक चांगले चित्र आपल्या हातून बिघडता बिघडता राहिले, याचा सुस्कारा अवनींद्रनाथांनी पुढे कित्येक वर्षांनी ही हकिगत सांगतानाही टाकला आहे.

मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवायचा मोह मोठ्यांना किती होतो, हे मी रोज पाहिले आहे. सूर्य असा नसतो, आण इकडे. झाडाचा बुंधा तपकिरी कर. माणसाचे हात एवढे लांब कुठे असतात? दोन मिनिटांत चित्र नीटनेटके होते आणि ते त्या मुलाचे राहत नाही. उमेची ती सकाळ नंदलालबाबूंच्या मनात आयुष्यभर राहिली असली पाहिजे. कारण पुढे ते स्वतः शिकवू लागले तेव्हा विद्यार्थ्याला काही सुचवायचे असेल तर बरेचदा एखाद्या कार्डावर चार रेषा काढून ते आपले म्हणणे दाखवत. विद्यार्थ्याचे चित्र विद्यार्थ्याचेच राही.

कलाशाळेतून बाहेर पडता पडताच त्यांना आणखी एक मोठी शाळा मिळाली, आणि ती आपल्या मुलखात होती. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला आल्या, तेव्हा त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जी तरुण मंडळी गेली त्यांत नंदलाल होते. भगिनी निवेदितांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. अंधाऱ्या लेण्यांत दिव्याच्या आणि परावर्तित उजेडात त्या रेषा उतरवून घेताना, भिंतीवरचे चित्र म्हणजे काय ते त्यांच्या हाताला कळले. पुढे १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्या बाघ लेण्यांचीही त्यांनी अशीच नक्कल केली. आपल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींचे मूळ तिथे आहे.

१९१९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. (या नावाची एक संस्था आपल्या बडोद्यात त्याआधीच, १८९० मध्ये, महाराजांनी काढली होती आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले होते. आपल्याकडेच हे पुष्कळांना ठाऊक नसते.) नंदलाल तिथे आधी येऊन जाऊन राहिले, मग कायमचे गेले, आणि कलाभवनाचे प्रमुख म्हणून १९५१ पर्यंत त्यांनी काम पाहिले. कलकत्त्यात राहून नामांकित चित्रकार म्हणून सुखाने जगता आले असते. त्याऐवजी बीरभूमच्या लाल मातीत, उन्हाळ्यात भाजणाऱ्या माळावर तीन दशके शिकवत राहिले. लहानथोर सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणजे आपण गुरुजी म्हणतो तसे.

कलाभवन हे मोठ्या विद्यार्थ्यांचे, पण त्याला लागूनच आश्रमातली शाळा होती. झाडाखाली वर्ग भरत. मुलांच्या आणि मास्टरमोशायांच्या मध्ये भिंत नव्हती, खरोखरीच नव्हती. सहलीला निघाले की मुले, विद्यार्थी, शिक्षक सगळे एकत्र. कोपाई नदीच्या काठाने, खोवाईच्या लाल घळींतून, संथाळांच्या वस्त्यांवरून हिंडायचे, बसायचे, पाहायचे, काढायचे. ताडाचे झाड ताडासारखे का दिसते आणि बाभळीसारखे का दिसत नाही, हे कळल्याशिवाय पेन्सिल उचलायची घाई नको, हा त्यांचा क्रम होता. आधी डोळा, मग हात. आपल्या शाळांत बरोबर उलटे असते. फळ्यावर घर, मागे दोन डोंगर, डोंगरातून सूर्य, पुढे नदी. पावागढ डोळ्यांसमोर असलेल्या गावातली मुलेसुद्धा तेच दोन त्रिकोणी डोंगर काढतात!

ऋतूंचे उत्सव हाही त्या शाळेच्या अभ्यासाचाच भाग होता. पाऊस सुरू झाला की वृक्षारोपण, नांगरणीचा उत्सव, वसंतात वसंतोत्सव. प्रत्येकासाठी अंगणात अल्पना घालायची, म्हणजे आपली रांगोळी, पण तांदळाच्या पिठाच्या पाण्याने बोटांनी काढलेली. फुलांचे दागिने करायचे, नाटकाचे कपडे रंगवायचे, रंगमंच उभा करायचा. १९२६ मध्ये तिथे रवींद्रनाथांचे 'नटीर पूजा' नाटक झाले. अजातशत्रूच्या काळातली श्रीमती नावाची राजनर्तकी. बुद्धाची विटंबना व्हावी म्हणून तिला स्तूपापुढे नाचायला सांगतात. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र असते, आणि त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. श्रीमतीची भूमिका केली होती नंदलालबाबूंच्या मुलीने, गौरीने. सतरा वर्षांनी, १९४३ मध्ये, तेच नाटक त्यांनी आपल्या कीर्तिमंदिराच्या भिंतीवर चढवले. गंगावतरण आणि महाभारत यांच्या तोडीला त्यांनी काय आणून बसवले? आश्रमातल्या मुलींनी केलेले एक नाटक! शाळेच्या स्नेहसंमेलनाकडे एवढ्या गांभीर्याने पाहणारा दुसरा शिक्षक मला माहीत नाही.

त्यांचे एक काम तर बंगालमधल्या लाखो घरांत पोचले आहे. १९३० मध्ये रवींद्रनाथांनी मुलांसाठी 'सहज पाठ' नावाचे बालवाचन लिहिले, त्याची चित्रे नंदलालबाबूंची. लिनोलियम कोरून केलेले ठसे, काळा आणि पांढरा, बस्स. मुलांचे पुस्तक म्हणजे गुलाबी गाल आणि मोठे डोळे, अशी त्यांची समजूत नव्हती. मुलाला चांगलेच चित्र दाखवायचे, कारण त्याचा डोळा अजून बिघडलेला नसतो. पश्चिम बंगालच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुले त्या पुस्तकावर अक्षरे गिरवत आली. ज्याला कधीच चित्रकार व्हायचे नव्हते त्या मुलानेही पहिले अक्षर वाचताना एक उत्तम चित्र पाहिले. याच वर्षी, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी, हातात काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचा प्रसिद्ध ठसाही त्यांनी कोरला. तो आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, खाली नाव मात्र वाचलेले नसते.

गांधीजींनी त्यांना ओळखले ते असे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, आपल्या खानदेशातल्या फैजपूरला. मांडव उभारण्याचे काम नंदलालबाबूंवर आले आणि त्यांनी ते बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून केले. मग १९३८ मध्ये आपल्या गुजरातेत, बारडोलीजवळच्या हरिपुऱ्याला. त्या वेळी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत ऐंशीच्या वर फलक स्वतः रंगवले, शिवाय विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या त्या वेगळ्या. विषय काय, तर सुतार, पिंजारी, ढोलकवाला, स्वयंपाक करणारी बाई, मुलाला घेतलेली आई, मल्ल. ते कमानींवर, दुकानांवर, येण्याजाण्याच्या वाटेवर टांगले होते. बैलगाडीतून उतरलेल्या शेतकऱ्याला तिकीट न काढता, कोणी समजावून न सांगता, आपलेच जगणे चित्रात दिसावे, अशी ती योजना. आज ते फलक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. आपल्या मंडपाच्या कमानीवर आपण दरवर्षी काय टांगतो, हे मी इथे लिहीत नाही, जाहिरातदारांच्या पानांवर ही स्मरणिका निघते.

शाळेत कला का शिकवावी यावर नंदलालबाबूंनी स्वतंत्र लेख लिहून ठेवला आहे. माझ्या शब्दांत त्याचे सार सांगते. ते म्हणतात, की कला ही श्रीमंतांची चैन आहे, असे मानणारे शिकलेले लोकच या देशात कलेचे वैरी आहेत. पुस्तकी शिक्षण पुरते, हा त्यांचा समज. पण ज्याला सौंदर्याची जाण नाही तो स्वतःपुरताच गरीब राहत नाही, तो इतरांचेही नुकसान करतो. अंगणातला कचरा, रस्त्यावरची घाण, भिंतींवरच्या पिचकाऱ्या या सगळ्यांचे मूळ ते आरोग्यशास्त्राच्या अज्ञानात शोधत नाहीत, तर न शिकवलेल्या डोळ्यांत शोधतात. त्यांचे एक उदाहरण मला फार पटते. संथाळाची मातीची झोपडी, चार मडकी, फाटकी गोधडी, पण सगळे सारवलेले, जागच्या जागी ठेवलेले. आणि मोठ्या वसतिगृहात राहणारा कॉलेजचा विद्यार्थी, ज्याच्या खोलीत महागाच्या वस्तू इकडेतिकडे फेकलेल्या. दोघांत गरीब कोण, हे त्यांनी वाचकावर सोडले आहे.

त्यांनी केवळ तक्रार केली नाही, उपायही सांगितले. वर्गात चांगली चित्रे आणि मूर्ती असाव्यात, मुलांना रोज दिसतील अशा. संग्रहालये दाखवावीत. ऋतू बदलले की मुलांना रानात, शेतात न्यावे. वर्षातून एक कलेचा उत्सव करावा आणि प्रत्येक मुलाने त्यात स्वतःच्या हाताने केलेली काहीतरी वस्तू आणावी, मग ती कितीही साधी असो. यांतल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. आणि ते दोन कलांमध्ये उच्चनीच करत नाहीत. चित्र-शिल्प मनाला मोकळे करते आणि कारागिरी रोजच्या वापराच्या वस्तूला रूप देते, शिवाय पोटालाही मिळवून देते. कारागिरी मेली म्हणून देश दरिद्री झाला, असा त्यांचा रोख आहे.

या विचाराचे बीज त्यांच्या एका शिष्याने आपल्या वर्ध्याला नेऊन पेरले. देवीप्रसाद हे कलाभवनात शिकून १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत खेड्यातल्या मुलांना जवळजवळ अठरा वर्षे चित्रकला शिकवत राहिले. तिथल्या अनुभवावर त्यांनी कला हाच शिक्षणाचा पाया, असे सांगणारे पुस्तक लिहिले. दुसरे शिष्य के. जी. सुब्रमण्यन. ते तर १९५१ पासून आपल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये होते. मी शाळकरी असताना फाइन आर्ट्सच्या मेळ्यात त्यांनी केलेली लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी पाहायला झुंबड उडायची. एवढा मोठा कलावंत खेळणी करतो याचे मला तेव्हा नवल वाटे. आता वाटत नाही. खडगपूरच्या त्या आईपासून ही परंपरा चालत आलेली होती.

शिष्यांची यादी द्यायची तर पाने पुरणार नाहीत. पण विनोदबिहारी मुखर्जींचे नाव घेतलेच पाहिजे. १९१७ मध्ये ते शांतिनिकेतनच्या शाळेत आले ते अधू दृष्टीचे मूल म्हणून. एका डोळ्याने दिसतच नव्हते, दुसऱ्याने जेमतेम. अशा मुलाला चित्रकला शिकवायची? आपल्या शाळांनी त्याला संगीताकडे पाठवले असते आणि तेही उपकार म्हणून. हे मूल कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होते, आणि पुढे देशातले सर्वोत्तम भित्तिचित्रकार झाले. १९५७ मध्ये दृष्टी पूर्ण गेली, तरी कागद कापून, माती दाबून त्यांचे काम चालू राहिले. सत्यजित राय १९४० नंतर कलाभवनात शिकत होते, त्यांनी १९७२ मध्ये आपल्या या शिक्षकावर सुंदर माहितीपट केला. दुसरे रामकिंकर बैज, बांकुड्याच्या गरीब घरातले, लहानपणी गावच्या मूर्तिकारांजवळ हात बसलेले. मोठे झाले आणि रामकिंकरांनी शांतिनिकेतनच्या उघड्या माळावर सिमेंट आणि खडीतून संथाळ कुटुंब उभे केले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य एकमेकांसारखे नाहीत आणि गुरूसारखेही नाहीत.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीच्या सजावटीचे काम नंदलालबाबूंकडे आले. त्यांनी तेही एकट्याने केले नाही. विद्यार्थी आणि सहकारी घेऊन केले. मोहनजोदडोच्या बैलापासून इतिहासाचे एकेक पान त्यात येते, आणि त्यात आपले शिवछत्रपतीही आहेत. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १६ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. निवृत्तीनंतरही हात थांबला नव्हता. शाईने रोज काहीतरी रेखाटायचे, कागदाचे तुकडे फाडून चिकटवायचे. आणि पोस्टकार्डे! विद्यार्थ्यांना, नातेवाइकांना, लहान मुलांना त्यांनी आयुष्यभरात हजारो चित्रकार्डे पाठवली. रस्त्यात दिसलेला बैल, नदीवरची होडी, मजूर बाई, एखादे रोप. तिकडे मजकूर लिहायची जागा, इकडे चार रेषा.

आता माझ्या शाळेविषयी. तक्रार म्हणून नाही, हिशोब म्हणून सांगते. आठवड्याला चित्रकलेचे दोन तास असत. सहामाही आली की त्यातला एक गणिताला जाई, वार्षिक आली की दोन्ही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा विषय दहावीपर्यंत असावा असे सांगितले, २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही कलेचे महत्त्व गायले. परिपत्रके फायलीला लागली. मी निवृत्त झाले, माझी जागा भरली गेली नाही आणि चित्रकलेची खोली आता परीक्षेचे कागद ठेवायला वापरतात, असे ऐकते.

त्या खोलीत माझ्यासमोर एक मुलगा बसायचा. सातवीत असूनही वाचन अडखळत, सर्व विषयांत तळाला. शाळेच्या दृष्टीने तो जवळजवळ नव्हताच. एकदा मी मुलांना आपल्या घरातल्या कोणाचेही काम करतानाचे चित्र काढायला सांगितले. याने आईची भाजीची लारी काढली. कांद्याची टोपली कुठे, कोथिंबिरीवर ओला गोणपाट कसा टाकलेला, तराजूचे पारडे कोणत्या खिळ्याला अडकवलेले, चाकाखाली कोणत्या बाजूने वीट लावलेली, सगळे बिनचूक. रस्ता उताराचा होता म्हणून वीट त्याच बाजूला हवी. हे वर्गातल्या कोणालाच सुचले नसते. मी ते चित्र त्यांच्या वर्गशिक्षिकेला दाखवले. गणिताच्या बाई होत्या, कडक. बराच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला तराजूची आणि कांद्याच्या भावाची गणिते घालू लागल्या. तो पुढे चित्रकार झाला नाही. दहावी पास झाला आणि आज स्वतःचे दुकान चालवतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागणाऱ्यांना मी या मुलाबद्दल सांगत असे. त्यांचे समाधान होत नसे, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या मंडळाकडे येते. गेल्या सभेत लहान मुलांची चित्रकला स्पर्धा यंदा बंद करावी आणि तो वेळ अंताक्षरीला द्यावा, अशी सूचना आली होती. सूचना करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. गणपतीची छापील रेखाकृती वाटायची, मुलांनी रेघेच्या आत रंग भरायचा, मागून आईने खुणावायचे की मुकुट पिवळा कर, आणि शेवटी सगळ्या गणपतींचा मुकुट पिवळा, पितांबर लाल. अशी स्पर्धा बंद झाली तर मलाही दुःख नाही. म्हणून मी दुसरा प्रस्ताव मांडला आणि थोड्या चर्चेनंतर कार्यकारिणीने तो मान्य केला, याबद्दल आभार.

यंदा छापील कागद मिळणार नाहीत. प्राणप्रतिष्ठेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडपात प्रत्येक मुलाला शाडूचा एक गोळा आणि पाण्याची वाटी दिली जाईल. गणपतीच करायला हवा असे नाही. उंदीर चालेल, बैल चालेल, आजीचा पाट-वरवंटा चालेल, लारीही चालेल. आपले मूर्तिकार त्या वेळी शेजारीच बसून स्वतःचे काम करतील, शिकवणार नाहीत, ज्याला पाहायचे त्याने पाहावे. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढायचे नाहीत. सगळ्या वस्तू विसर्जनापर्यंत बाप्पासमोर मांडून ठेवू. ज्या मुलांना माती नको असेल त्यांच्यासाठी कोरी पोस्टकार्डे आणि काळी शाई ठेवली आहे. चित्र काढून झाले की मागे पत्ता घालून पेटीत टाकायचे, मामाला, आत्याला, ज्याला हवे त्याला. पालकांसाठी चहाची व्यवस्था मंडपाबाहेर केलेली आहे. कृपया चहा संपेपर्यंत आणि तो संपल्यावरही त्यांनी बाहेरच थांबावे.